ओव्हरलॉकवर रोल हेम: आधी मशीनची मांडणी, टेन्शन सगळ्यात शेवटी

रोल हेम, म्हणजे कापडाची कड बारीक गुंडाळून टाक्यांत बांधणारी शिलाई, बिघडलं की हात थेट दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांकडे जातो. खालचा लूपर (सुईच्या दोऱ्यात आपला दोरा गुंफणारा भाग) घट्ट करून पाहायचा, वरचा सैल करायचा, मग पुन्हा उलट. अर्ध्या तासाने कोणती चकती मुळात कुठे होती तेच आठवत नाही आणि कापडाची कड आहे तशीच चपटी राहते. मला दाखवायला आणलेले बिघडलेले नमुने मी उलटून पाहते तेव्हा चूक बहुतेक वेळा टेन्शनच्या आधीच्या पायऱ्यांत सापडते. कुणाची स्टिच फिंगर, म्हणजे सुईच्या प्लेटजवळची बारीक दांडी, मागे गेलेली नसते, कुणी कापणीची रुंदी नको तितकी कमी केलेली असते, तर कुणी सुई आधी ओवून लूपर नंतर ओवलेला असतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. प्रत्येक टप्प्यानंतरची तपासणी झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

कापड गुंडाळलं का जातं, एवढं आधी समजून घ्या

तीन दोऱ्यांच्या साध्या ओव्हरलॉकमध्ये वरच्या आणि खालच्या लूपरचे दोरे कापडाच्या कडेवर एकमेकांना भेटतात. टाक्याला तेवढ्या रुंदीवर धरून ठेवते ती ही स्टिच फिंगरची दांडी. टाका तिच्याभोवती पडतो आणि कापड सरकलं की तिच्यावरून मागे घसरतो.

रोल हेमसाठी आपण ही दांडी मागे घेतो. टाका अरुंद होतो, पण शिवता शिवता कड छाटणारा चाकू मात्र कापड पूर्वीइतकंच रुंद ठेवतो. जास्तीच्या कापडाला मग जागा उरत नाही, ते खाली वळतं. खालचा लूपर घट्ट असला की तो वरच्या लूपरच्या दोऱ्याला कडेवरून ओढून उलट्या बाजूला नेतो आणि वळलेलं कापड त्यात बांधलं जातं.

म्हणजे अरुंद दांडी, पुरेसं रुंद कापड आणि घट्ट खालचा लूपर, या तीन गोष्टी एकाच वेळी हव्यात. पहिल्या दोन नसतील तर तिसरीने काहीही होत नाही.

टप्पा 1: कापड आणि दोरा निवडा

कापड अंगठा आणि तर्जनीत धरून त्याची कड गुंडाळून पाहा. दीड-दोन मिलिमीटरची बारीक नळी सहज होत असेल तर मशीनवरही होईल. शिफॉन, जॉर्जेट, ऑर्गंझा, मलमल, पातळ रेशीम, हलकं जर्सी यांवर रोल हेम उत्तम बसतं. डेनिम किंवा जाड लिननवर हट्ट धरू नका. तिथे अरुंद साधं ओव्हरलॉक जास्त नेटकं दिसतं.

सुईत आणि खालच्या लूपरमध्ये साधा, बारीक पण मजबूत पॉलिएस्टर दोरा घाला. खालचा लूपर बराच घट्ट करायचा असतो, त्यामुळे जुना, ठिसूळ झालेला दोरा तिथे तुटणारच. दिसणारा दोरा वरच्या लूपरचा असतो. कड भरीव, साटिनसारखी हवी असेल तर तिथे वूली नायलॉन घाला. हा फुगीर दोरा टाक्यांच्या मधल्या फटी भरून काढतो. तो ताणला जातो म्हणून त्या चकतीचं टेन्शन नेहमीपेक्षा कमी ठेवावं लागतं.

इशारा: वूली नायलॉनवर तापलेली इस्त्री टेकवली तर तो वितळतो. इस्त्री मंद ठेवा आणि मध्ये सुती कापड घ्या.

टप्पा 2: साफसफाई आणि सुई

मशीनचा प्लग काढा. पुढचं आणि बाजूचं झाकण उघडून लूपरभोवतीची, चाकूखालची आणि कापड सरकवणाऱ्या दात्यांमधली कापडाची भुकटी ब्रशने काढा. टेन्शनच्या चकत्यांमध्ये अडकलेला धाग्याचा बारीक तुकडा डोळ्यांना दिसत नाही. प्रेसर फूट वर ठेवून चकत्यांमधून जाड दोऱ्याचा एक तुकडा मागे-पुढे ओढा, अडकलेलं बाहेर येईल. हे न करता टेन्शनचा आकडा 7 वर ठेवला तरी प्रत्यक्षात चकत्या उघड्याच असू शकतात.

आता डावी सुई पूर्ण काढून घ्या. घरगुती ओव्हरलॉकवर रोल हेम साधारणपणे उजव्या सुईने होतं. तुमच्या मशीनचं काय, ते मॅन्युअलमध्ये एकदा पाहून घ्या. नुसता दोरा काढून डावी सुई जागेवर ठेवायची नाही. ती कापडाला भोकं पाडत राहते आणि नाजूक कापडावर त्या भोकांची रांग उठून दिसते. सुई काढल्यावर तिचा स्क्रू हलका घट्ट करून ठेवा, नाहीतर थरथरीने तो सैल होऊन मशीनमध्ये पडतो.

उजव्या बाजूला नवी सुई लावा. पातळ कापडाला 70 नंबर, जरा भरीव असेल तर 75 किंवा 80. सुईची जात मात्र मशीनला चालणारीच हवी. काही ओव्हरलॉकना साधी घरगुती सुई चालते, काहींना ईएलएक्स 705 लागते. चुकीची सुई बसलेली दिसते, पण लूपर तिच्याजवळून जाताना दोरा उचलत नाही.

तपासणी: सुई पूर्ण वर गेलीय ना? हँडव्हील हाताने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही टकटक आवाज आला तर थांबा.

टप्पा 3: स्टिच फिंगर मागे घ्या

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून जरा थांबून वाचा.

काही मशीनवर प्लेटजवळ एक छोटी कळ असते. ती नेहमीच्या शिलाईच्या खुणेवरून रोल हेमच्या खुणेवर, बहुधा ‘आर’ अक्षरावर, सरकवायची असते. काहींवर दांडीचा तुकडा सुटा असतो, तो काढून झाकणाच्या आतल्या खाचेत ठेवायचा. जुन्या मशीनवर सगळी प्लेटच बदलावी लागते, काहींवर त्यासोबत प्रेसर फूटही. सुई वर आणि प्रेसर फूट वर असल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

कळ खुणेपर्यंत पोचली म्हणजे दांडी मागे गेली असं समजू नका. भुकटी साचली असेल तर कळ सरकते आणि दांडी अर्ध्यावर अडकते. प्रेसर फूट उचला, उजेड बाजूने पाडा आणि सुईच्या भोकाच्या उजवीकडे पाहा. नेहमी तिथे दोन बारीक टोकं दिसतात, एक प्लेटची स्वतःची आणि दुसरी या दांडीची. दांडी मागे गेल्यावर एकच, सुईसारखं निमुळतं टोक उरलं पाहिजे. चिमट्याच्या टोकाने जागा चाचपून बघा. दुसरं टोक लागलं तर रोल हेम होणार नाही, टेन्शन कितीही फिरवा.

टप्पा 4: कापणीची रुंदी

‘अरुंद कड हवी म्हणून रुंदीही कमी’ हा विचार सरळ वाटतो, पण इथे तो उलटा पडतो. कापणीच्या रुंदीच्या चकतीने चाकू सरकतो, म्हणजे सुईच्या उजवीकडे किती कापड उरेल ते ठरतं. गुंडाळायला कापडच नसेल तर टाका रिकाम्या कडेवर बसतो आणि धुतल्यावर सुटून येतो.

माझ्या हातून एकदा असंच झालं. शिफॉनची ओढणी शिवताना कड शक्य तितकी नाजूक यावी म्हणून मी रुंदी सगळ्यात कमी ठेवली आणि टाकाही अगदी दाट. मशीनखालून निघालेली कड सुंदर होती. ती ओढणी अंगावर घेऊन जरा ताणली, तर कडेचा गोंडस दोरा दोन हात लांब, सबंध, कापडापासून वेगळा होऊन हातात आला. टाके कुठेच तुटले नव्हते, त्यांनी धरलेलं कापडच जेमतेम तीन-चार धाग्यांचं होतं.

मशीनवर रोल हेमसाठी रुंदीची वेगळी खूण असेल तर ती घ्या. नसेल तर मधल्या आकड्यापासून सुरुवात करा. कापड विरळ विणीचं असेल तर रुंदी वाढवा, घट्ट विणीचं असून गुंडाळी जाड येत असेल तर थोडी कमी करा.

तपासणी: चाकूला धार आहे ना? शिफॉनचा तुकडा दोऱ्याशिवाय, हँडव्हील फिरवत कापून पाहा. कड चावल्यासारखी दिसली तर चाकू बदलायची वेळ झालीय.

टप्पा 5: दोरे ओवा, क्रमानेच

दोऱ्याची मागची दांडी पूर्ण वर ओढा. प्रेसर फूट वर ठेवा, म्हणजे बहुतेक मशीनवर टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा आत बसतो. क्रम असा:

1. वरचा लूपर
2. खालचा लूपर
3. सुई, सगळ्यात शेवटी

सुई शेवटी का, ते सांगते. सुईचा दोरा आधी ओवलेला असेल तर खालचा लूपर ओवताना नवा दोरा त्याच्या चुकीच्या बाजूने जातो. पहिल्या दोन-चार टाक्यांतच तो अडकून तुटतो, आणि पुन्हा ओवला तरी पुन्हा तुटतो. म्हणून खालच्या लूपरचा दोरा मध्येच तुटला तर आधी सुईचा दोरा काढा, मग लूपर ओवा, मग सुई. दोन मिनिटं जास्त जातात, पण संध्याकाळ वाचते.

वूली नायलॉन लूपरच्या भोकात जात नसेल तर साध्या दोऱ्याचा दुमडून फासा करा, फासा भोकातून काढा आणि वूली नायलॉनचं टोक त्यात अडकवून ओढून घ्या.

नव्याने शिकत असाल तर नमुन्यासाठी तिन्ही जागी तीन वेगळे रंग घाला. पुढच्या टप्प्यात कोणता दोरा चुकतोय हे रंगच सांगतील.

अगदी तलम कापडासाठी दोन दोऱ्यांचं रोल हेम आणखी मऊ येतं. त्यात वरच्या लूपरचा दोरा नसतो, त्याच्या जागी मशीनसोबत आलेला कन्व्हर्टर बसवतात. तिसरा दोरा नुसता काढून टाकून ते होत नाही.

टप्पा 6: सुरुवातीचे आकडे

हे आकडे 0 ते 9 चकत्यांच्या मशीनसाठी आहेत आणि ते फक्त सुरुवात म्हणून घ्यायचे:

- सुई: 4
- वरचा लूपर: 4 ते 5 (वूली नायलॉन असेल तर 2 च्या आसपास)
- खालचा लूपर: 7
- टाक्याची लांबी: 1.5 मिलिमीटर
- डिफरन्शियल फीड (पुढच्या आणि मागच्या दात्यांच्या गतीचं प्रमाण): 1

लांबी एकदम 1 वर आणू नका. दाट टाका दिसायला छान, पण नाजूक कापडाला तो सुईच्या भोकांनी अक्षरशः कापत जातो. दीडवर नमुना जमला की मग पाव-पाव कमी करून पाहा. हलकी, दातेरी कड हवी असेल तर लांबी 2 ते 3 पर्यंत वाढवा.

ज्या मशीनवर टेन्शनचे आकडेच नसतात, तिथे शिलाई निवडायची चकती रोल हेमवर ठेवा. फिंगर आणि रुंदीचे टप्पे मात्र तिथेही तपासा.

टप्पा 7: नमुना शिवा आणि उलटून वाचा

नमुना त्याच कापडाचा हवा. तोही दोन तुकड्यांत, एक उभ्या धाग्याच्या दिशेने आणि एक आडव्या. एकच कापड दोन्ही दिशांना वेगळं वागतं. एका बाजूला गुळगुळीत गुंडाळी येते आणि दुसऱ्या बाजूला कडक धागे मिश्यांसारखे बाहेर येतात. सुलटी बाजू वर ठेवून प्रत्येकी 20 सेंटिमीटर शिवा. चाकूने 4-5 मिलिमीटर कापड छाटलं जाईल असं धरा. छाटलेल्या ताज्या कडेवरच गुंडाळी एकसारखी येते.

आता तुकडा उलटा करा. खालच्या लूपरचा दोरा जवळजवळ सरळ रेषेत, सुईच्या टाक्यांना चिकटून पडलेला दिसला पाहिजे. वरच्या लूपरचा दोरा सुलट्या बाजूने निघून कडेला वळसा घालून इथपर्यंत आलेला हवा. खालचा दोरा नागमोडी दिसला आणि त्याची टोकं कडेकडे पसरली असतील तर तो सैल आहे.

एका वेळी एकच चकती, तीही अर्ध्या आकड्याने. प्रत्येक बदलानंतर नवा तुकडा शिवा आणि त्यावरच पेनाने आकडे लिहा. हे लिहिणं टाळलं की सगळा गोंधळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

नेहमी येणारे दोष आणि त्यांवर काय करायचं:

*कड वळतच नाही, चपटी राहते.* आधी टप्पा 3 पुन्हा तपासा. दांडी मागे असेल तर खालचा लूपर अर्ध्या आकड्याने घट्ट करत जा. 9 वर जाऊनही वळत नसेल तर दोरा चकतीत नीट बसलेला नाही. प्रेसर फूट वर करून तो पुन्हा ओवा.

*खालच्या लूपरचा दोरा तुटतो.* ओवण्याचा क्रम बरोबर असेल तर तो फार घट्ट आहे. अर्धा आकडा सैल करा आणि तेवढाच वरचा लूपर सैल करा, गुंडाळी कायम राहते.

*उलट्या बाजूला सुईच्या दोऱ्याचे फासे दिसतात.* घट्ट खालचा लूपर सुईचा दोरा ओढतोय. सुईचं टेन्शन अर्ध्या आकड्याने वाढवा. याउलट शिवणीवर चुण्या पडत असतील तर सुईचं टेन्शन कमी करा. तेवढ्याने भागलं नाही तर डिफरन्शियल 0.8 किंवा 0.7 वर आणा, म्हणजे दाते कापड हलकं ताणून धरतात.

*कडेतून धागे बाहेर डोकावतात.* हा दोष सगळ्यात चिवट. क्रमाने जा: चाकूची धार, मग रुंदी थोडी जास्त, मग टाका थोडा दाट, मग वूली नायलॉन. तरीही धागे दिसले तर पाण्यात विरघळणाऱ्या स्टॅबिलायझरची पट्टी कडेवर ठेवून सोबतच शिवा आणि उरलेली पट्टी नंतर अलगद फाडून टाका. बाहेर आलेले धागे कात्रीने छाटून हा दोष जात नाही. पहिल्या धुण्यात नवे बाहेर येतात.

*कड कापडापासून सुटते.* कड दोन्ही हातांत धरून आडवी ओढून पाहा. भोकं मोठी होताना दिसली तर लांबी वाढवा, रुंदी वाढवा, सुई बारीक घ्या. ही ओढ-तपासणी प्रत्येक नाजूक कापडावर करा. ओढणीचा तो प्रसंग आठवला की मी अजूनही ती चुकवत नाही.

*जर्सीवर कड लाटांसारखी होते.* लाटा नको असतील तर डिफरन्शियल 1.3 ते 1.5 करा. मुद्दाम झालरीसारखी कड हवी असेल तर उलटं जा: 0.7 किंवा त्याखाली, आणि शिवताना कापड प्रेसर फूटच्या पुढून आणि मागून एकसारखं ताणा. फक्त मागून ओढलं तर सुई वाकते आणि प्लेटवर आपटून तुटते.

टप्पा 8: प्रत्यक्ष शिवताना

टाचण्या अजिबात नकोत, चाकूखाली एक गेली तरी धार जाते. कापड घालण्याआधी 8-10 सेंटिमीटर साखळी शिवून घ्या. रिकामी साखळीही बारीक दोरीसारखी गोल झाली पाहिजे. ती सैल, जाळीदार आली तर कापड घालू नका.

सुरुवातीला साखळी डाव्या हाताने मागे हलकी धरा. शिफॉनसारखं कापड नाहीतर प्लेटच्या भोकात खेचलं जातं. नजर सुईवर नको, चाकूच्या आधीच्या कडेवर ठेवा. छाटणी एकसारखी राहिली की गुंडाळी एकसारखी राहते. वेग मध्यम आणि स्थिर ठेवा. थांबत-धावत शिवलं की कडेची जाडी बदलते.

*कोपरे.* चौकोनी रुमाल किंवा स्कार्फला एक बाजू शिवा, कोपऱ्यापलीकडे साखळी काढा, कापा, कापड फिरवा आणि पुढची बाजू सुरू करा. कोपऱ्यावर सुई रोवून कापड वळवण्याची रीतही आहे, पण तलम कापडावर तिथे गाठोडं होतं, म्हणून मी ती वापरत नाही. कोपरा गोल चालत असेल तर वाटी ठेवून गोलाई आखा. काम सोपं होतं आणि कड सलग राहते.

*घेर.* गोल घेराला शिवणीपासून दूर, सपाट जागी सुरुवात करा. तिथे 5 सेंटिमीटर लांबीची, छाटायच्या रुंदीएवढी पट्टी कात्रीने आधीच काढून टाका. त्या खाचेत कड चाकूला लावून ठेवली की पहिला टाका नेमक्या जागी पडतो. फेरी पूर्ण होताना वरचा चाकू बंद करा, सुरुवातीच्या टाक्यांवर एक-दीड सेंटिमीटर शिवा, सुई आणि प्रेसर फूट उचला, दोरे सैल करून कापड मागे काढा. चाकू चालू राहिला तर झालेली कडच कापली जाते.

*टोकं.* मोठ्या भोकाच्या हातसुईने साखळी गुंडाळीच्या आत 2-3 सेंटिमीटर ओढून घ्या आणि मग कापा. नुसती कडेला कापलेली साखळी उसवते. कडा बांधणारा पातळ शिवण-गोंद वापरत असाल तर एकच थेंब, टाचणीच्या टोकाने. जास्त झाला तर कोपरा कडक होतो आणि टोचतो.

टप्पा 9: मशीन पूर्ववत करा

चांगला जमलेला नमुना आकड्यांसह वहीत चिकटवा: कापड, सुई, दोरे, लांबी, रुंदी, डिफरन्शियल, तिन्ही टेन्शन. पुढच्या वेळी त्याच कापडाला सुरुवात तिथूनच होईल.

मग खालच्या लूपरचं टेन्शन उतरवा, रुंदी आणि लांबी नेहमीच्या आकड्यांवर आणा, डावी सुई लावा. आणि स्टिच फिंगर पुढे घ्या, चिमट्याने चाचपून दोन्ही टोकं जागेवर आहेत याची खात्री करा. ती मागे राहिली तर पुढच्या साध्या शिवणीत कापडाची कड आत गोळा होते, आणि मग पुन्हा कुणीतरी टेन्शनच्या चकत्या फिरवत बसतं.